पाऊणकी आणि भरती

पाऊणकी हा शब्द ऐकून आजच्या दहा-बारा वर्षांच्या मुलास ते एखाद्या गावाचे नाव वाटेल. आमच्या पिढीस त्या शब्दाने घाम फुटत असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी ही अपूर्णांकांच्या पाढ्यांची माळ त्या काळी मराठी शाळेच्या खालच्या इयत्तांतच पाठ करावी लागे. दिवेलागणीस देवापुढे शुभंकरोति म्हटले, की लगेच परवचा सुरू व्हावयाचा. पावकी-निमकीचे विशेष काही वाटत नसे. निम्म्या भाकरीचा आणि चतकोराचा हिशेब पोटालाच ठाऊक असतो. पाऊणकी मात्र मोठी आडमुठी. दोनास दीड, तिनास सव्वादोन, पाचास पावणेचार! चालताना प्रत्येक पायरी किंचित तोकडी निघावी आणि दर वेळी ठेच लागावी, तसे तिचे होते. आणि औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. तिच्याविषयी न बोललेलेच बरे.

रुपयाचे सोळा आणे होते तोवर या पाढ्यांना बाजारात अर्थ होता. बारा आणे शेराची जिन्नस सात शेर घेतली, तर वाणी क्षणाचाही विलंब न लावता सव्वापाच रुपये सांगे. सात पाऊण सव्वापाच हे त्याच्या जिभेवर असे. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि या सातही जणी हळूहळू पुस्तकांतून निघून गेल्या. त्या गेल्या याचे मला फारसे दुःख नाही. परंतु त्यांपैकी एकीने मला एक गोष्ट शिकविली, आणि ती गोष्ट गणिताची नव्हती.

ज्या शाळेत मी पाऊणकी घोकली तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. तशा शाळा त्या वेळी गावोगाव होत्या. गाव अलिबाग. जिल्ह्यास तेव्हा कुलाबा म्हणत. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. आमच्या गुरुजींच्या हाती निरगुडीचा फोक असे. ते दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. आपल्या हातून मुलांचे कल्याण होत आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि ज्याची तशी समजूत असते त्याचा हात सहसा थांबत नाही. ते मध्येच कोणाला तरी उभे करीत आणि विचारीत, "अकरा पाऊण?" उत्तर येण्यापूर्वी जो एक क्षण जाई, तेवढ्यात फोक खाली येई.

भीतीने शिकलेले पक्के बसते, असे म्हणणारे लोक आजही पुष्कळ भेटतात, आणि ते सर्वस्वी खोटे बोलतात असेही नाही. मात्र पक्के काय बसते ते पाहावे. मला त्या वर्गाच्या भिंतीवरील चुन्याची खपली आजही दिसते. फोक हवेतून येताना होणारा आवाज ऐकू येतो. गुरुजींच्या कोटाच्या वरच्या गुंडीचा दोरा सैल झाला होता, हेही मला आठवते. अकरा पाऊण सव्वाआठ हे मात्र मला त्या वर्गात कधीच आठवले नाही. भय वाटले म्हणजे मनुष्याचे लक्ष धोक्याच्या वस्तूवर खिळून राहते आणि आजूबाजूचे सारे निसटून जाते, असे मानसशास्त्रज्ञ सांगतात. आमच्या बाबतीत धोक्याची वस्तू फोक होती. आम्ही फोक उत्तम शिकलो.

माझ्या शेजारच्या बाकावर कोळीवाड्यातला एक मुलगा बसे. त्याचे नाव मी देत नाही. आपण त्याला नाखव्याचा नातू म्हणू. आमच्या किनाऱ्यावर होडीच्या मालकास नाखवा म्हणतात, आणि त्याच्या आजोबांना सारे गाव त्याच नावाने हाक मारी. हा मुलगा वर्गातील सर्वांत 'ढ' समजला जाई. गुरुजींनी पाऊणकी विचारली की तो उभा राही, मुकाट्याने हात पुढे करी आणि पुन्हा खाली बसे. उत्तर देण्याचा प्रयत्न करणे त्याने सोडूनच दिले होते. मला वाटते, त्याचा त्यात हिशेब होता. मार तसाही मिळावयाचाच, मग विचार करण्याचे श्रम कशाला घ्या?

शाळा सुटल्यावर आम्ही समुद्रावर जात असू. अलिबागचा समुद्र ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे, की समोर पाण्यात कुलाबा किल्ला उभा आहे. भरतीच्या वेळी तो बेट असतो. ओहोटीला, किंवा कोळ्यांच्या शब्दांत सुकतीला, वाळू आणि खडक उघडे पडतात आणि माणसे पायी किल्ल्यात जातात. गेलेले माणूस वेळेवर परतले नाही तर पाणी वाट अडविते, आणि पुढची ओहोटी येईपर्यंत तटावर बसून किनारा पाहात राहावे लागते. म्हणून किल्ल्यात जाण्यापूर्वी नाखव्याला विचारण्याची रीत होती. नाखवा घड्याळाकडे पाहात नसे. तो उलट विचारी, "तिथ कोनची?"

"चौथ," आम्ही म्हणत असू.

"मग सकाळी नवाला जा, नि अकराच्या आत मागे फिर. तीनला भरती."

नातवास हे सारे येत होते. तो वाळूवर उड्या मारीत म्हणे, "चौथ तीन, आठम सहा, बारस नऊ," आणि मधल्या तिथींच्या वेळाही त्याला तोंडपाठ होत्या. एवढेच नव्हे, तर अष्टमीच्या भांगाला पाणी पुरते ओसरत नाही, तेव्हा त्या दिवशी किल्ल्याच्या वाटेवर गुडघे भिजणारच; पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जितके वर येते तितकेच खाली जाते; डोलीच्या जाळ्यात मासा केव्हा भरतो आणि जाळे केव्हा उचलावे, हे सगळे तो एखाद्या पोक्त माणसासारखा सांगे. डोल हे पिशवीसारखे जाळे खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडी ठेवतात. मासा पकडण्याचे अर्धे काम पाणीच करते. म्हणून ज्याला पाण्याची वेळ कळत नाही, त्याचे जाळे रिकामे येते.

एका संध्याकाळी घरी परवचा म्हणत होतो. नेहमीप्रमाणे जीभ चालत होती आणि मन दुसरीकडे होते. चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार, सहा पाऊण साडेचार, सात पाऊण सव्वापाच, आठ पाऊण सहा. येथे माझी जीभ थांबली. आठम सहा! चौथ तीन, बारस नऊ! नाखव्याचा नातू वाळूवर जे ओरडत होता ती पाऊणकीच होती. तिथीस तिनाने गुणावे, चाराने भागावे, की भरतीची वेळ निघते. त्यात सहा तास मिळविले की ओहोटीची. त्या क्षणी मला जो आनंद झाला, त्याचे वर्णन मला आजही साधत नाही. वडिलांनी पुढे म्हणण्यास सांगितले तेव्हा मी चौदा, पंधरापर्यंत एका दमात गेलो आणि एकदाही अडखळलो नाही. अकरा पाऊण सव्वाआठ! एकादशीची भरती! कालपर्यंत जी संख्या काटेरी होती, ती आज ओली झाली आणि तिला मिठाचा वास येऊ लागला.

दुसऱ्या दिवशी मी ही बातमी नाखव्याच्या नातवास सांगितली. तो खूप वेळ हसला. त्याचा विश्वासच बसेना की ज्यासाठी आपण रोज मार खातो ती वस्तू आपल्याच खिशात आहे. दुपारी गुरुजींनी विचारले, "बारा पाऊण?" त्याने डोळे मिटले, पुटपुटत "बारस" म्हटले आणि मोठ्याने सांगितले, "नऊ." गुरुजींनी आधी माझ्याकडे पाहिले. मी त्याला सांगितले असा त्यांचा ग्रह झाला, आणि फोक दोघांच्याही वाट्याला आला. त्याने त्यानंतर वर्गात पुन्हा उत्तर दिले नाही. पुढल्या नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात लोटल्या, त्यांतील एका होडीवर तो होता. शाळेत परत आला नाही. त्यास पाऊणकी येत होती, हे शाळेस अखेरपर्यंत कळले नाही.

आनंदाने शिकवावे, असे आता सर्वत्र बोलले जाते. मला त्या बोलण्याची थोडी भीती वाटते. त्यातून पुष्कळांचा असा समज होतो, की शिकणे कडूच असावयाचे, तेव्हा औषधाच्या गोळीप्रमाणे त्यावर साखर लावावी. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उत्तर बरोबर आले की फुगे उडतात, तारे पडतात, टाळ्या वाजतात. मुले तारे मोजतात. कित्येकदा गणित कोणते सुटले हे त्यांना ठाऊक नसते. तारे किती झाले हे मात्र अचूक सांगतात. आमच्या वर्गात लक्ष फोकाकडे असे, येथे ताऱ्यांकडे. पाढ्याकडे ते दोन्हीकडे नाही.

या बाबतीत अमेरिकेतील एक जुना प्रयोग मला मोठा बोधक वाटतो. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेतील मुलांवर तो केला. ज्या मुलांना रंगीत लेखण्यांनी चित्रे काढणे मुळातच आवडत होते, त्यांपैकी काहींना, चित्र काढल्यास सोनेरी तारा लावलेले प्रशस्तिपत्र देऊ, असे आधी सांगितले आणि तसे ते दिले. काहींना न सांगता अवचित दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे काही दिवसांनी लेखण्या नुसत्या समोर ठेवल्या. ज्यांना आधीच बक्षिसाचे वचन मिळाले होते, ती मुले आता इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रे काढू लागली. आवडीचे काम त्यांच्या लेखी मोलाचे काम झाले होते, आणि मोल बंद होताच ते गोडही लागेना. अवचित बक्षीस मिळालेल्यांचे मात्र काही बिघडले नाही.

नाखवा काही गोडबोल्या मनुष्य नव्हता. जाळे नीट गुंडाळले नाही तर तो नातवावर ओरडे, आणि दोराने सोललेले तळहात घेऊन पोरगा खारे पाणी उपशी तेव्हा त्याच्याविषयी कोणी हळहळत नसे. तरीही तो दिवसभर पाण्याविषयीच बोले. शिकण्यातला आनंद म्हणजे सुखासीनता नव्हे, हे मला त्याच्याकडे पाहून समजले. श्रम होते, धाकही होता. परंतु तो धाक समुद्राचा होता, आणि समुद्राच्या धाकाला अर्थ होता. पाण्याची वेळ चुकली तर काय होते हे पाणी स्वतःच दाखवी. मध्ये कोणी फोक घेऊन उभे नसे. शिवाय वेळ बरोबर निघाली म्हणजे जाळे भरून येई, आणि त्या दिवशी आठ वर्षांच्या पोरास घरात कर्त्या माणसासारखे पान वाढले जाई.

ही गोष्ट मुलांपुरतीच आहे असे नाही. आमच्या गावात इस्रायल आळी आहे. बेने इस्रायल लोकांचे पूर्वज फार प्राचीन काळी जहाज फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवारतेली म्हणत. मराठी ही त्यांची मायबोली झाली, आणि हिब्रू ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या बहुतेकांना दूरचे राहिले. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्यांच्या शाळा निघाल्या, भाषांतरे झाली. परंतु १८८० च्या सुमारास त्यांच्यातील काही मंडळींनी जी युक्ती काढली तिला तोड नाही. त्यांनी कीर्तन उभे केले. हरिदासी कीर्तनाचीच धाटणी, आपल्याच चाली, आपलीच मराठी. आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशाचे, दाविदाचे. ज्या आजीबाईंना हिब्रू अक्षर ओळखू येत नव्हते त्याही योसेफाला भावांनी विहिरीत टाकले तेथे पदर डोळ्यांना लावीत असतील, आणि घरी येऊन नातवंडांना ती कथा सांगत असतील, याविषयी मला शंका नाही; कारण आमच्या घरातील निरक्षर बायकांना सगळे महाभारत याच वाटेने ठाऊक झाले होते. एखादी विद्या ज्याच्यासाठी परकी झाली आहे त्याला ती परत द्यावयाची, तर त्याच्या हसण्यारडण्याच्या भाषेत द्यावी लागते.

आता पुन्हा पाऊणकीकडे येतो, कारण तेथे एक बाकी राहिली आहे. परवचा म्हणताना मी पंधरापर्यंत गेलो असे वर सांगितले. पंधरा पाऊण सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेची भरती सव्वाअकराला यावयास हवी. पण नाखवा पौर्णिमेला नेहमी 'बाराला' म्हणे. आणि समुद्र नाखव्याचे ऐके, माझे ऐकत नसे. मधला पाऊण तास गेला कोठे? मी नाखव्यास विचारले. तो म्हणाला, पुनवेला बारा, अवसेला बारा, तेथून पुन्हा मोजावयाचे. हे उत्तर होडीला पुरेसे होते. मला पुरेना. हा पाऊण तास माझ्या मनात पुढे आठ-दहा वर्षे पडून राहिला, आणि त्याच्या पायी मी काय काय वाचले याचा हिशेब नाही. चंद्र रोज उशिरा का उगवतो, तिथी दिवसाहून किंचित लहान का असते, एका दिवसात भरती दोनदा का येते. हे सारे मला कोणी शिकविले नाही, परीक्षेत कोणी विचारले नाही. अखेर कॉलेजात असताना पंचांग समोर घेऊन बसलो आणि उलगडा झाला. पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत पंधरा तिथींत भरतीची वेळ बरोबर बारा तास सरकते. तेव्हा एका तिथीस अठ्ठेचाळीस मिनिटे. पाऊणकी पंचेचाळीसच धरते. दर तिथीस तीन मिनिटे कमी, पंधरा तिथींस पंचेचाळीस मिनिटे, म्हणजे नेमका पाऊण तास! आणि अठ्ठेचाळीस मिनिटे म्हणजे काय? दोन घटका. तिथीगणिक दोन घटका हा मूळचा चोख हिशेब असावा, आणि घड्याळे आल्यावर कोणी तरी सोयीसाठी दोन घटकांचा पाऊण तास केला असावा, असा माझा तर्क आहे. हा तर्क ज्या दिवशी सुचला त्या दिवशी मी जेवलो की नाही, हे मला आठवत नाही.

अशा जिज्ञासेने केवळ ती एकच गोष्ट लक्षात राहते असे नाही. २०१४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील मॅथायस ग्रूबर, बर्नार्ड गेलमन आणि चारन रंगनाथ यांनी लोकांना काही कुतूहलाचे प्रश्न दिले, आणि उत्तर मिळण्यापूर्वीच्या क्षणांत त्यांना एक अनोळखी चेहरा दाखविला. त्या चेहऱ्याचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता. ज्या प्रश्नाचे उत्तर जाणण्याची फार उत्कंठा होती, त्या प्रश्नाबरोबर दिसलेला चेहराही लोकांच्या अधिक लक्षात राहिला, दुसऱ्या दिवशीसुद्धा. सुखाची अपेक्षा मेंदूच्या ज्या भागांत जागते ते भाग त्या वेळी जागे झालेले यंत्रावर दिसले. भीती मनाची खिडकी लहान करते. उत्कंठा ती उघडते, आणि उघड्या खिडकीतून हवे-नको ते पुष्कळ आत येते. मला भरतीच्या नादात चंद्राच्या कला आल्या, घटका-पळे आली, आणि मिसरी-बांगड्यांच्या बाजारभावापर्यंत अनेक निरुपयोगी गोष्टी आल्या. त्यांतली एकही अद्याप गेलेली नाही.

आमच्याच कोकणपट्टीवर, उत्तरेस बोर्डी येथे, हे ओळखणारी एक बाई होऊन गेली. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करून आल्या होत्या. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. १९४५ साली त्यांनी बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र काढले, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात कोठून आणावयाची? ताराबाईंनी शंख, शिंपले, खडे, बिया, पाने घेतली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तेथलाच. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. कुरणशाळा! नाखव्याच्या नातवासाठी कोणी पुळणीवर शाळा भरविली असती तर, असे मला हा शब्द वाचताना नेहमी वाटते. अंतर फारसे नव्हते. किनारा एकच होता. पण बोर्डीची लाट अलिबागेस पोहोचण्यास फार वर्षे लागली, आणि तोवर त्याच्या होडीने पुष्कळ पावसाळे पाहिले होते.

या मे महिन्यात माझी नात सुट्टीसाठी पुण्याहून आली आहे. तिला मी पाऊणकी शिकविली नाही. एवढेच सांगितले की तिथीवरून भरती काढता येते. तिने पहिल्या दिवशी हिशेब केला, वाळूत काठी रोवली आणि घड्याळ घेऊन बसली. भरती वीस मिनिटे उशिरा आली. ती माझ्यावर रागावली. मी तीन मिनिटांची गोष्ट अजून तिला सांगितलेली नाही, आणि सांगणारही नाही. तिने एका वहीत चार दिवसांच्या वेळा लिहिल्या आहेत. काठीजवळच्या होडीवरचे एक म्हातारे गृहस्थ तिला वारा आणि पाणी याविषयी काहीबाही सांगतात, तेही ती लिहून घेते. आज दशमी. दहा पाऊण साडेसात. ती सहापासून काठीशी जाऊन बसली आहे.